दुर्सुनने न सोडलेला हक्क

वास्फी कर्नलला काही मागता येत नसे. हुकूम द्यायला येई, हुकूम झेलायला येई; या दोहोंच्या मधे जे असतं, ज्याच्यावर गावंच्या गावं चालतात, ते त्याच्या गावीही नव्हतं. म्हणून पक्षाची माणसं पहिल्यांदा घरी आली आणि नगराध्यक्षपदाला उभे राहा म्हणाली, तेव्हा आत पोळपाटापाशी बसलेली त्याची बायको निगार खदखदून हसली.

"पाशा," ती आतूनच ओरडली. लग्न झाल्यापासून ती त्याला पाशा, म्हणजे जनरल, म्हणे, आणि तो पाशा व्हायच्या आधीच निवृत्त झाल्यावर तर जरा जास्तच म्हणायला लागली होती. "पाशा, शेजारणीकडून चाळण मागून आणा म्हटलं तर तुम्ही कुंपणाशी उभे राहून खाकरत बसता. मतं कशी मागणार?"

"मागायचं माझ्याकडे सोडा, वहिनी," मुक्रेमिन म्हणाला. हा गावचा न्हावी आणि पक्षाचा तालुका अध्यक्ष. "सगळा जन्म लोकांच्या गळ्याला वस्तरा लावून बोलत आलोय. अजून कुणी मला नाही म्हणालेलं नाही."

कर्नल हसला नाही. तो खुर्चीत ताठ बसला होता, जणू खुर्ची सरकारी मालमत्ता असावी. त्यानं एकच विचारलं, "मीच का?"

"कारण तुम्ही खात नाही. आत्ताचा अध्यक्ष कसा आहे ठाऊक आहे ना? पाण्याच्या नळांचे पाइप आले, ते त्याच्या मेव्हण्याच्या द्राक्षमळ्यात जाऊन पुरले गेले. लोकांना एकदा न खाणारा माणूस बघायचाय. प्राणिसंग्रहालयात जातात तसं."

त्यांच्या गावात, कुशकवाकमध्ये, त्या वर्षी नळाला पाणी एक दिवसाआड येत होतं आणि जे येई ते गढूळ. कर्नलला चीड गढूळ पाण्याची होती की एक दिवसाआडच्या बेशिस्तीची, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो हो म्हणाला.

त्याचा बाप कल्हईवाला. सिवासकडच्या डोंगरातलं, नकाशावर नसलेलं गाव. बर्फ वितळलं की बाप गाढवावर भाता आणि कथील लादून खेड्यापाड्यांतून हिंडायला निघे, तो पानगळीलाच परते. निघण्याआधी तो घरोघर जाई, उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणे, "तुमचा काही हक्क माझ्याकडे राहिला असेल तर सोडा." आतलं माणूस म्हणे, "सोडला. तुम्हीही सोडा." संपलं. वाटेत लांडग्यानं गाठलं, दरीत पाय घसरला, तरी दुसऱ्याचं काही अंगावर घेऊन मरायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ. आमच्याकडे प्रवासाला निघताना, हजला निघताना, अंथरुणाला खिळल्यावर माणूस हे मागतो आणि समोरचा देतो. तोंडावर नाही म्हणणारा क्वचितच भेटतो.

पोरगं लष्करी शाळेत गेलं, कारण तिथं पाव पोटभर मिळतो असं गावच्या मास्तरानं सांगितलं. पुढे पक्षानं छापलेल्या पत्रकात 'मातृभूमीच्या हाकेला ओ देऊन' वगैरे आलं. थापा. पोरगं पावाच्या हाकेला ओ देऊन गेलं, आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. गरिबांची निम्मी पलटण याच वाटेनं जाते आणि मोठी माणसं मग तिला शूर म्हणून मोकळी होतात. वास्फीनं मात्र त्या पावाचं इमान राखलं. इराणच्या सरहद्दीवर, जिथं शेणाच्या गोवऱ्यांवर शेकत हिवाळा काढावा लागतो, तिथं तो शिपायांच्या कढईतलंच खाई. कंत्राटदारानं एकदा किडके चणे पाठवले, तर त्याला बोलावून, मान देऊन, समोर बसवून त्यातलेच ताटभर चणे खाऊ घातले. "अजून घ्या ना, लाजू नका," म्हणत वाढत राहिला. खेड्यातून आलेल्या, सही येत नसलेल्या पोरांना संध्याकाळी स्वतः अक्षरं गिरवायला बसवी. त्याच्या हाताखाली राहिलेले लोक नंतर मुलाबाळांना घेऊन त्याचा हात चुंबायला येत. असा माणूस.

आणि हाच माणूस ऐंशी सालच्या सप्टेंबरात, लष्करानं देश ताब्यात घेतला तेव्हा, आपली तुकडी घेऊन कुशकवाकमध्ये आला. नशिबाचा विनोद असा की ही त्याची सासुरवाडी. निगारचे वडील इथलेच, घर इथलंच, नाशपातीची बाग इथलीच.

कुशकवाकमध्ये विटांचा कारखाना आहे. तिथले कामगार त्या उन्हाळ्यात संपावर होते आणि फाटकासमोरच्या दुर्सुनच्या चहाखान्यात त्यांच्या बैठका भरत. चहाखान्याला सील लागलं. मालक दुर्सुन, भट्टीवरचा इल्हामी उस्ताद आणि आणखी बरेच जण माध्यमिक शाळेच्या व्यायामशाळेत डांबले गेले. शाळेच्या मुख्याध्यापकाच्या खोलीत वास्फी बसे. व्यायामशाळेत चौकशी करणारे लोक वेगळे, बाहेरून आलेले, साध्या कपड्यातले. ते त्याच्या हाताखालचे नव्हते. माणसं सुटून आली तेव्हा दुर्सुनच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. इल्हामी उस्ताद आत गेला होता पहिलवानासारखा. बाहेर आला तो कमरेत वाकून, आणि पुन्हा सरळ झालाच नाही.

वास्फीनं स्वतः कुणाच्या अंगाला बोट लावलं नाही. हे खरं आहे, गावही हे मानतं. कुणी विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं: "मला कळवण्यात आलं नव्हतं." पुढे तो निवृत्त झाला, निगारच्या वडिलांच्या घरी राहायला आला, नाशपातीची झाडं छाटू लागला. गावानं त्याला सलाम केला, फळं विकत घेतली. लग्नाला बोलावलं, पोरांच्या सुंतेला बोलावलं. आमच्या लोकांची ही रीत भयंकर आहे: आम्ही विसरत नाही आणि तोंडावर दाखवतही नाही.

तर प्रचार सुरू झाला. आमच्याकडे प्रचार म्हणजे चहाखाने पालथे घालणं. मुक्रेमिननं कर्नलला सगळीकडे नेलं. नेलं नाही ते दुर्सुनकडे. शेवटच्या आठवड्यात मात्र इलाज उरला नाही. विटवाल्यांची मतं तिथं बसलेली.

"जायचं," कर्नल म्हणाला. "पण आधी एक काम करायचं. तिथल्या लोकांकडून हक्क सोडवून घ्यायचा. मग मतं."

मुक्रेमिनचे डोळे लकाकले. "देवाशपथ, कर्नलसाहेब, तुम्ही जन्मजात पुढारी आहात. मला सुचलं नसतं."

"मी मतांसाठी म्हणत नाहीये."

"म्हणूनच चालेल ते."

कर्नलला खरंच तसं वाटत होतं. त्याला आठवत होता बाप, उंबऱ्याबाहेर उभा राहिलेला. फक्त बाप एकटा जाई, आणि एकेका दाराशी जाई, हे त्याच्या ध्यानात राहिलं नाही. इथं तो पक्षाचे बिल्ले लावलेली माणसं घेऊन भर दुपारी चहाखान्यात शिरला. पत्त्यांचे डाव थांबले. कर्नल मधोमध उभा राहिला, टाचा जुळवल्या आणि कवायतीच्या मैदानावरच्या आवाजात म्हणाला, "मित्रहो! मी या गावात अधिकारी म्हणून होतो. कुणाचा माझ्याकडे हक्क राहिला असेल, तर तो त्यानं सोडावा!"

"सोडला!" सगळा चहाखाना एका सुरात बोलला.

बोलला म्हणजे काय, शब्द तोंडातून निघून गेला. शिंक आल्यावर 'दीर्घायुषी हो' म्हणावं तसं. ज्यांच्या भावांना व्यायामशाळेत नेलं होतं तेही म्हणाले. इल्हामी उस्ताद खिडकीशी वाकून बसला होता, त्याचेही ओठ हलले.

दुर्सुन तेवढा म्हणाला नाही. तो डाव्या हातात साखळ्यांनी टांगलेली चहाची परात धरून, चहाचं पाणी उकळत ठेवायच्या समोवराजवळ उभा होता. त्यानं परात खाली ठेवली.

"कर्नलसाहेब," तो सावकाश म्हणाला, "हे मयताच्या वेळी विचारतात. इमाम विचारतो, आम्ही सोडला म्हणतो. का म्हणतो? मेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही म्हणून. तुम्ही तर धडधाकट उभे आहात. तुम्हाला नाही म्हणता येतं."

"दुर्सुन!" मुक्रेमिन कळवळला. "अरे, पाहुणा आहे दारात. गोड बोल."

"गोड पाहिजे तर साखर टेबलावर आहे." मग कर्नलकडे वळून, "आणि मतं मोजायच्या आठवड्यात हक्क मागायला येऊ नये. बाजारात मशीद बांधल्यासारखं दिसतं."

कर्नलच्या कानशिलांवर रक्त चढलं. आयुष्यात कुणी त्याला रांगेसमोर असं बोललं नव्हतं. तो वळला आणि चालू पडला. बाहेर मुक्रेमिन म्हणाला, "जाऊ द्या हो, एकच तर मत. बाकी सगळ्यांनी सोडला की."

"बाकीच्यांनी काही सोडलेलं नाही," कर्नल म्हणाला. "त्यांच्याकडून मी काढून घेतलं."

तो घरी आला. निगारला बाहेरून आधीच सगळं कळलं होतं. तिनं नुसतं सूप पुढ्यात ठेवलं.

निवडून मात्र तो आला, आणि बऱ्यापैकी मतांनी आला. पाण्याच्या रागानं लोकांनी मतं दिली. आणि सांगायला हवं ते सांगितलंच पाहिजे: कुशकवाकला असा नगराध्यक्ष त्याआधी मिळाला नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं झाडूवाल्यांना रांगेत उभं करून हजेरी घेतली, तेव्हा अख्खा बाजार पोट धरून हसला. झाडूवाले "हजर!" ओरडत आणि हातातला खराटा बंदुकीसारखा धरत. पण महिनाअखेर त्यांना बूट मिळाले, हातमोजे मिळाले, पगार वेळेवर मिळाला, आणि मग खराटा बंदुकीसारखा धरण्यातली थट्टा हळूहळू निघून गेली. द्राक्षमळ्यातले पाइप त्यानं स्वतः उभं राहून उकरून काढले. मेव्हणा आडवा आला. कर्नल म्हणाला, "हे पाइप कोणी पुरले?" मेव्हणा म्हणाला, "मला माहीत नाही." कर्नल म्हणाला, "मग तुमचे नाहीतच." पाणी आलं. रोज आलं. स्वच्छ आलं. नगरपालिकेच्या भोंग्यावरून पूर्वी हरवलेल्या मेंढ्या, मयती आणि अध्यक्षांचं गुणगान येई. आता गुणगान बंद झालं, मेंढ्या आणि मयती तेवढ्या राहिल्या.

दुर्सुनचं काय करावं हे त्याला सुचेना. मग त्याला एक लष्करी युक्ती सुचली: चहाखान्यासमोरचा पदपथ रुंद करायचा आणि तिथं टेबलं मांडायची परवानगी दुर्सुनला द्यायची. माणूस पाठवला. माणूस परत आला.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आम्हाला आतच बरं वाटतं. डांबलेलं राहायची सवय आहे."

त्यावर कर्नल स्वतः गेला. एकटा. बिल्लेवाले नाहीत, मुक्रेमिन नाही. सकाळची वेळ, कारखान्याची पाळी सुरू झालेली, चहाखान्यात फक्त खिडकीशी इल्हामी उस्ताद पेंगत बसलेला. त्या वाकलेल्या माणसाला आता दुसरीकडे जायचं ठिकाण नव्हतं.

"बसा," दुर्सुन म्हणाला. "आज मतं नाहीत ना?"

"नाहीत."

"मग बसा."

कर्नल बसला. एक-दोनदा खाकरला. मागता येत नसे, हे सांगितलंच आहे. शेवटी म्हणाला, "दुर्सुन उस्ताद, तुम्हाला काय हवंय? माफी? मी मागतो."

"माफी घेऊन काय करू? तिचं लोणचं घालू?" दुर्सुन समोर बसला. न मिटणारा हात त्यानं टेबलावर ठेवला, दाखवायला म्हणून नाही, ठेवायची जागाच ती. "मला एक सांगा. तुम्ही सगळ्यांना सांगता, मला कळवण्यात आलं नव्हतं. मुख्याध्यापकाच्या खोलीत तुमचा रेडिओ होता. दिवसभर लष्करी धून वाजायची. आठवतं?"

"आठवतं."

"आम्हाला ऐकू यायची ती व्यायामशाळेत. अगदी स्पष्ट. इल्हामी तर तालावर शिव्या द्यायचा. मधे एक भिंत होती, कर्नलसाहेब. तुमचं आम्हाला ऐकू यायचं. मग आमचं तुम्हाला?"

खिडकीशी बसलेल्या इल्हामीनं डोळे उघडले होते. तो नुसता बघत राहिला, मान वाकडी करून, कारण वाकलेल्या माणसाला वर बघायचं तर मान वाकडी करावी लागते.

कर्नल उठला. "विचार करून सांगतो," म्हणाला.

"विचार कसला करायचाय त्यात?" दुर्सुन मागून म्हणाला. "ऐकू येत होतं का नव्हतं, एवढंच तर आहे. हे सांगा, मी त्याच दिवशी हक्क सोडतो. नाहीतर नाही. तुम्ही मेल्यावर तिथं उभा राहीन, आणि सगळे सोडला म्हणतील, आणि मी तोंड मिटून राहीन. बघा बुवा."

त्यानंतर दोन हिवाळे गेले आणि कर्नलनं काही सांगितलं नाही. याला भित्रेपणा म्हणावा तर म्हणावा. सरहद्दीवर बर्फात बारा कोस चालून जखमी शिपाई पाठीवर आणणारा माणूस एका चहाखान्याच्या उंबऱ्याला भीत होता. दुर्सुनच्या गल्लीत नळाची तोटी बिघडली तर तो दुसऱ्या दिवशी नवी बसवी. जणू तोट्यांनी हे फिटेल. मधल्या काळात त्याचं नाव झालं. जिल्ह्यातून माणसं त्याचं गाव बघायला येऊ लागली. आणि एक दिवस मुक्रेमिन धापा टाकत आला, गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून.

"अंकारा! कर्नलसाहेब, अंकारा! पुढच्या निवडणुकीला खासदारकीचं तिकीट तुम्हाला. जिल्हाध्यक्ष स्वतः बोलले. शुक्रवारी येतायत, तुमच्याशी बोलायला, नमाज आपल्याच मशिदीत पढणार. एकच सांगितलंय: जुनं काही निघता कामा नये. मी म्हटलं, निघायला आहे काय? आमचा कर्नल म्हणजे धुतलेला तांदूळ."

निगार दारात उभी होती. मुक्रेमिन गेल्यावर ती म्हणाली, "पाशा, तुम्हाला झोप लागत नाही हे मला ठाऊक आहे. गेली इतकी वर्षं ठाऊक आहे. अंकाराला लागेल का?"

"निगार, मी कुणाला हात लावला नाही."

"मी विचारलं का?"

ती आत निघून गेली. या बाईनं त्याला कधी विचारलं नव्हतं, आणि तिचे दोन चुलतभाऊ व्यायामशाळेत होते.

शुक्रवारी सकाळी भोंगा वाजला. "कुशकवाकचे रहिवासी, वीटभट्टीचे जुने कामगार, इल्हामी उस्ताद अल्लाच्या दयेला पोहोचले. दुपारच्या नमाजानंतर मशिदीच्या अंगणात..." कर्नल नगरपालिकेत आपल्या खोलीत होता. भोंगा त्याच्याच छतावर. त्यानं ते पुरतं ऐकलं, टोपी घातली आणि इल्हामीच्या घरी गेला. इल्हामीची बायको हाजेर चुलीशी बसून हलवा परतत होती, रीतीप्रमाणे, बायका भोवती. ती उठली नाही. म्हणाली, "तुम्ही काही खाऊन जा, कर्नलसाहेब." एवढंच. आणि पुन्हा ढवळायला लागली.

दुपारचा नमाज झाला. अंगणात दगडी चौथऱ्यावर हिरव्या चादरीखाली इल्हामी, इमाम समोर, मागे माणसांच्या रांगा. पहिल्या रांगेत कर्नल, त्याच्या डाव्या बाजूला पाहुणे आलेले जिल्हाध्यक्ष, उत्तम काळ्या कोटात, आणि त्यांच्या पलीकडे मुक्रेमिन, नवा टाय लावून. दुर्सुन दुसऱ्या रांगेत कुठेतरी होता. शवपेटी लहान वाटत होती. वाकून गेलेल्या माणसाला मरणानं तरी सरळ केलं असेल.

इमामानं विचारलं, "लोकहो, मयताला तुम्ही कसं ओळखत होता?"

"चांगला माणूस होता," लोक म्हणाले.

"तुमचा त्याच्याकडे काही हक्क राहिला असेल, तो सोडता?"

"सोडला."

"सोडता?" इमामानं दुसऱ्यांदा विचारलं.

"सोडला."

"सोडता?"

तिसऱ्यांदा लोक तोंड उघडणार तोच कर्नल म्हणाला, "थांबा."

मोठ्यानं नाही म्हणाला. त्याच्या मानानं तर पुटपुटलाच. पण तो रांगेतून एक पाऊल पुढे गेला होता, आणि मयताच्या नमाजात रांग मोडून कुणी पुढे जात नाही.

"इमामसाहेब, माझा त्याच्याकडे काही हक्क नाही. मी काय सोडणार? त्याचा माझ्याकडे आहे." तो इमामाकडे बघत नव्हता, लोकांकडेही नाही. हिरव्या चादरीकडे बघून, वरिष्ठाला अहवाल द्यावा तसा बोलत होता. "मी सगळ्यांना सांगितलं की मला कळवण्यात आलं नव्हतं. कळवण्याची गरजच नव्हती. मधे एक भिंत होती. मला सगळं ऐकू येत होतं. पहिल्या दिवशी ऐकू आलं तेव्हा मी उठलो, दारापर्यंत गेलो. दार उघडलं असतं तर थांबवता आलं असतं. वर्दीनं मी तिथं मोठा होतो. उघडलं नाही. परत येऊन बसलो आणि शिपायाला म्हणालो, रेडिओचा आवाज वाढव. रोज म्हणालो."

जिल्हाध्यक्षांनी कोटाची बटणं लावायला सुरुवात केली, लावलेलीच होती तरी. मुक्रेमिननं डोळे मिटून घेतले. रांगेतून कुणीतरी म्हातारा, कोण ते कळलं नाही, "या अल्ला," म्हणाला.

इमाम जुना माणूस होता. त्यानं घसा साफ केला आणि राहिलेला प्रश्न तिसऱ्यांदा पुरा विचारला, "सोडता?"

"सोडला," लोक म्हणाले. इल्हामीला.

कबरस्तानापर्यंत पेटी खांद्यांवरून जाते. प्रत्येकजण चार पावलं खांदा देतो आणि मागे सरतो. कर्नलनं खांदा द्यायला हात पुढे केला, तेव्हा कुणी त्याला अडवलं नाही, पण जागाही करून दिली नाही. त्याला स्वतःच घुसावं लागलं. वाटेत मुक्रेमिननं त्याला गाठलं.

"गेली," तो दात चावत म्हणाला. "अंकारा गेली. पाहुणे नमाजातून सरळ गाडीत बसले, बूट पायात नीट न चढवताच. कर्नलसाहेब, अहो, सांगायचंच होतं तर माझ्या दुकानात सांगायचं! मी आरसे झाकले असते. मयताच्या अंगणात? सगळ्या गावासमोर?"

"मागच्या वेळी गावासमोर खोटं मागितलं होतं ना," कर्नल म्हणाला. "म्हणून."

"आणि पुढच्या वर्षी नगरपालिका? विटवाले मत देतील तुम्हाला आता?"

"नाही देणार."

"मग?"

"मग तू उभा राहा. पाणी रोज सोड म्हणजे झालं."

मुक्रेमिन काही बोलणार होता, पण त्याला रडू आलं, आणि न्हावी माणूस चारचौघांत रडला तर धंद्याला बरं नाही म्हणून तो रुमालानं टाय पुसत मागे राहिला. शिव्या तो नंतरही देत राहिला, अगदी शेवटपर्यंत. पण कर्नलची दाढी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही.

कबरीत माती लोटायची आमची एक रीत आहे. फावडं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही. आपलं झालं की जमिनीवर ठेवायचं, पुढच्यानं ते जमिनीवरून उचलायचं. मरणाचं काम कुणी कुणाच्या हाती सोपवू नये म्हणून. इल्हामीच्या भावांनी लोटली, भट्टीवरच्या लोकांनी लोटली. कर्नलनं फावडं उचललं तेव्हा बरीचशी माणसं निघून गेली होती. तो माती ओढत राहिला, वयाच्या मानानं फार वेळ. डोकं वर केलं तेव्हा समोर दुर्सुन उभा होता.

"ठेवा आता," दुर्सुन म्हणाला. "दुसऱ्यांनाही पुण्य लागतं."

कर्नलनं फावडं खाली ठेवलं. माफी मागायची असेल तर तो क्षण हाच होता. पण त्याला मागता आलं नाही. तो टाचा जुळवून उभा राहिला, इतकंच.

"दारापर्यंत गेला होतात," दुर्सुन म्हणाला. "हे मला ठाऊक नव्हतं."

"गेलो होतो. उघडलं नाही."

"ते कळलं." दुर्सुननं वाकून फावडं उचललं, डाव्या हातात, उजव्या पंजाचा नुसता टेकू देऊन. "मी शब्द दिला होता. माझा होता तेवढा हक्क मी सोडला. मनापासून का, ते विचारू नका, सोडला. आता तुमच्या मयताला आलो तर गप्प उभा राहणार नाही."

कर्नलचा श्वास मोकळा झाला. पाच-सहा पावलं तो चालला असेल. मग थबकला. "आणि इल्हामीचा?"

दुर्सुन माती लोटत होता. एका हातानं लोटायची म्हणजे कमरेतून जोर लागतो. त्यानं वर बघितलं नाही.

"तो माझा नाही, कर्नलसाहेब. तो मी कसा सोडू? हाजेरवहिनीलाही सोडता यायचा नाही. तो त्याच्या एकट्याचा होता, आणि तो घेऊन गेला." मातीचं एक मोठं ढेकूळ त्यानं फावड्याच्या पाठीनं फोडलं. "खिडकीशी बसून दोन वर्षं वाट बघत होता तुमची. वर गेलात की त्यालाच विचारा. पण सांगून ठेवतो, माणूस तापट होता."

कर्नल तिथंच उभा राहिला. थोड्या वेळानं तो परत आला आणि कबरीच्या पायथ्याशी, ओल्या मातीत, आपल्या स्वच्छ पँटीसकट खाली बसला. दुर्सुननं त्याला ऊठ म्हटलं नाही. कबर भरून झाल्यावर त्यानं फावडं जमिनीवर आडवं ठेवलं, टोपी झटकली आणि चहाखाना उघडायला निघून गेला.